वॉशिंग्टन मास्तरांचा स्टुडिओ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९८१ सालच्या मे महिन्यात मी हायस्कुलातली चित्रकला शिक्षकाची नोकरी सोडली आणि एसटी स्टँडसमोरच्या एका गाळ्यात फोटो स्टुडिओ काढला. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, "अरे, पेन्शनीची नोकरी सोडून पडदा लावून बसणार तू?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पगार दोन-दोन महिने उशिरा व्हायचा, सुट्टीत लग्नांचे फोटो काढून त्याहून बरे पैसे मिळायचे, हे खरं कारण. पण ते वडिलांसमोर सांगायची लाज वाटत होती. शिक्षकानं पैशासाठी शाळा सोडली म्हटलं की आपल्याकडे लोक जरा निराळ्या नजरेनं बघतात.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात एक माणूस आला. त्यानंही शाळामास्तरकी सोडून माणसांचे फोटो काढण्याचा धंदा केला होता आणि तोही पैशासाठीच. फरक एवढाच, की ही गोष्ट १८४६ सालची आहे. जागा अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड शहर, आणि मास्तर कृष्णवर्णीय. देशाच्या निम्म्या भागात त्यांच्या रंगाची माणसं बाजारात विकली जात होती. त्यांचं नाव ऑगस्टस वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनशी घोटाळा नको म्हणून मी त्यांना वॉशिंग्टन मास्तरच म्हणणार आहे. सोडली तरी मास्तरकी माणसाला सोडत नाही. माझ्या स्टुडिओतही लोक मला शेवटपर्यंत सरच म्हणत होते.

वॉशिंग्टन मास्तरांचा जन्म न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटन गावी १८२० च्या सुमाराचा. वडील पूर्वी व्हर्जिनियात गुलाम होते. आई दक्षिण आशियाई वंशाची होती, अशी त्यांच्या चरित्रनोंदींत माहिती मिळते. म्हणजे आपल्या बाजूचं कुणीतरी बाईमाणूस कुठल्याशा जहाजातून दोनशे वर्षांपूर्वी तिकडं पोचलं आणि ट्रेंटनमध्ये संसाराला लागलं! आईबद्दल याहून अधिक हाती लागत नाही. पण हे वाचल्यापासून हा माणूस मला थोडा घरचा वाटू लागला, हे कबूल करतो.

लहानपणी ते गोऱ्या मुलांबरोबर शाळेत जात होते. पुढं गावातली हवा बदलली आणि गोऱ्या मुलांच्या शाळेचा दरवाजा त्यांना बंद झाला. मुलगा वडिलांच्या दुकानात काम करू लागला आणि गुलामगिरीविरुद्धची वर्तमानपत्रं वाचू लागला. मिसरूड फुटायच्या वयात त्यानं ट्रेंटनमधल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी स्वतःच शाळा काढली. १८४६ साली लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपली ही सगळी हकीकत सांगितली आहे. शिकायचं, पैसे संपले की शिकवायचं, पैसे साठले की पुन्हा शिकायला जायचं, असा पुढच्या दहा वर्षांचा क्रम होता. न्यूयॉर्क राज्यात ओनायडा इन्स्टिट्यूट नावाची एक संस्था होती. तिथं काळी-गोरी मुलं एका बाकावर बसत. तिथं ते गेले, पण पैशाअभावी सुटलं. मग ब्रुकलिनमध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळेत मास्तरकी. मग पुन्हा अभ्यास. अखेर १८४३ साली न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात प्रवेश मिळाला. त्या वेळी साऱ्या कॉलेजात तेच एकटे कृष्णवर्णीय विद्यार्थी होते.

फीचा प्रश्न होताच. त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी एक नवी विद्या शिकून घेतली, तिचं नाव डॅगेरोटाइप. ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसला ही पद्धत जगासमोर मांडली गेली होती, म्हणजे ती जेमतेम चार वर्षांची होती. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा असतो, म्हणून ही पद्धत थोडी समजावून सांगतो. मला त्यात रस आहे, तेव्हा दोन वाक्यं जास्त झाली तर चालवून घ्या.

तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा. तो आरशासारखा लखलखीत होईपर्यंत घासायचा. अंधाऱ्या खोलीत त्याला आयोडिनची धुरी द्यायची, पुढं ब्रोमिनचीही देऊ लागले. तो पत्रा कॅमेऱ्यात घालून समोरच्या माणसाला हलू न देता बसवायचं. मग पाऱ्याच्या वाफेवर तो पत्रा धरला की चित्र हळूहळू उमटतं. ते हायपोच्या पाण्यात पक्कं करायचं, वरून सोन्याच्या क्षाराचं पाणी द्यायचं आणि काचेखाली डबीत बंद करायचं, कारण बोट लागलं तरी चित्र पुसतं. आम्ही डार्करूममध्ये हायपोच्या वासाला वैतागायचो, इथं तर पाऱ्याची वाफ! पारा विष आहे. हा धंदा करणारे लोक रोज ते विष छातीत घेत होते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. यात निगेटिव्ह नाही. एक पत्रा म्हणजे एक फोटो. दुसरी प्रत हवी तर माणसानं पुन्हा येऊन बसायचं. शिवाय पत्रा आरशासारखा असल्यानं तो नीट तिरका धरावा लागतो. जरा कोन चुकला की समोरच्या माणसाऐवजी आपलंच तोंड दिसतं.

वॉशिंग्टन मास्तरांनी डार्टमथचे प्राध्यापक आणि गावातले लोक यांचे असे फोटो काढून काही पैसे मिळवले. पण कर्ज फिटेना. १८४४ साली कॉलेज सोडावं लागलं आणि ते हार्टफर्डला शाळामास्तर म्हणून आले. शाळा टॉलकट रस्त्यावरच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भरत असे. त्या चर्चचे पाद्री जेम्स पेनिंग्टन. हेही एक असामान्य गृहस्थ. मेरीलँडमधून पळून आलेले गुलाम, लोहारकाम शिकलेले, आणि पुढं १८४९ साली जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठानं त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. अशा माणसाच्या सावलीत शिकवण्याचं काम म्हणजे भाग्यच म्हणायचं. पण भाग्यानं कर्ज फिटत नाही. शाळेतल्या पगारावर डार्टमथला परत जाता येणार नाही, हे दोन वर्षांत स्पष्ट झालं. १८४६ साली त्यांनी हार्टफर्डमध्ये स्टुडिओ उघडला.

त्यांचा बेत तात्पुरता होता. चार पैसे साठवायचे आणि कॉलेज पुरं करायचं. ते कॉलेज कधीच पुरं झालं नाही. मला हे वाचताना हसू आलं, कारण मीही शाळेत "बिनपगारी रजा" मागून पाहिली होती. हेडमास्तर म्हणाले, "कुलकर्णी, धंद्यात पडलेला मास्तर परत येत नाही." त्यांचं खरं ठरलं.

आता त्या काळाकडं बघा. कनेक्टिकट हे उत्तरेकडचं राज्य, तिथं गुलामांचा बाजार नव्हता. पण १८१८ च्या राज्यघटनेनं मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना ठेवला होता. १८४७ साली, म्हणजे मास्तरांचा स्टुडिओ उघडल्याच्या पुढच्याच वर्षी, हा हक्क कृष्णवर्णीय पुरुषांना द्यावा का यावर राज्यात मतदान झालं आणि लोकांनी भरघोस मतांनी 'नको' म्हणून सांगितलं. ज्या शहरात या माणसाला मत नाही, त्याच शहरातले गोरे वकील, व्यापारी आणि त्यांच्या बायका जिना चढून त्याच्या स्टुडिओत येत होत्या. तो सांगेल तिकडं मान वळवत होत्या आणि तो सांगेपर्यंत श्वास रोखून बसत होत्या. स्टुडिओवाल्याचा हा अधिकार फार गमतीचा असतो. आमच्या तालुक्याचे आमदारसुद्धा माझ्यासमोर हनुवटी खाली घ्यायचे.

मास्तर धंद्याला पक्के होते. वर्तमानपत्रात जाहिराती देत. मधला काही काळ सोडला तर १८५३ पर्यंत त्यांनी स्टुडिओ चालवला. शेवटची काही वर्षं तो मेन स्ट्रीटवर, अगदी भर पेठेत होता. पन्नास सेंटपासून दहा डॉलरपर्यंतचे फोटो मिळत, म्हणजे मजुरालाही परवडेल आणि सावकारालाही कमीपणा वाटणार नाही. बायकांसाठी वेगळी कपडे बदलायची खोली आणि मदतीला बाईमाणूस आहे, हे ते जाहिरातीत ठळक सांगत. हे वाचून मी थक्क झालो. मी ही सोय करायला १९८८ उजाडलं, तेही बायकोनं कान उपटल्यावर. कवयित्री लिडिया सिगर्नी त्या काळी अमेरिकेत घरोघर वाचल्या जात. त्याही त्यांच्याकडं फोटो काढून गेल्या.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो मात्र एका लोकरीच्या व्यापाऱ्याचा आहे. हार्टफर्डपासून सुमारे ४० किलोमीटरवर स्प्रिंगफील्ड गाव आहे. तिथं १८४६ साली जॉन ब्राऊन नावाचा गोरा माणूस लोकरीच्या व्यापारासाठी राहायला आला. पुढं १८५९ च्या ऑक्टोबरात याच ब्राऊननं गुलामांच्या उठावासाठी हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला आणि २ डिसेंबरला तो फासावर गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधीची ही मोठी घटना. पण वॉशिंग्टन मास्तरांसमोर तो १८४६-४७ च्या सुमारास आला तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्या फोटोत दाढी नाही. चेहरा हाडकुळा, ओठ घट्ट मिटलेले. एक हात शपथ घेताना करावा तसा वर उचललेला आणि दुसऱ्या हातात एक निशाण. हे निशाण गुलामांना पळून जायला मदत करण्याच्या त्याच्या गुप्त योजनेचं असावं, असं अभ्यासक मानतात.

फोटोग्राफर म्हणून मला त्या वर केलेल्या हाताचं नवल वाटतं. डॅगेरोटाइपमध्ये हलून चालत नाही. हात वर धरून सेकंदामागून सेकंद बसणं सोपं नसतं. असा फोटो गिऱ्हाइकाच्या एकट्याच्या मनात आलं म्हणून होत नाही. तो काढणाऱ्यालाही पटावा लागतो. पडद्यामागं ते दोघं काय बोलले असतील? गोरा गिऱ्हाईक गुलामगिरी मोडण्याची शपथ घेतोय आणि एका मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा ती शपथ चांदीच्या पत्र्यावर उतरवतोय. हा पत्रा १९९६ साली वॉशिंग्टन शहरातल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं विकत घेतला.

धंदा चालला, नाव झालं, लग्न झालं, दोन मुलं झाली. एखाद्याची गोष्ट इथंच सुफळ संपूर्ण झाली असती. पण १८५० साली अमेरिकेच्या संसदेनं पळपुट्या गुलामांचा कायदा केला. उत्तरेतल्या कुठल्याही शहरात, कुठल्याही कृष्णवर्णीय माणसाकडं बोट दाखवून "हा माझा पळालेला गुलाम" म्हणता यावं आणि पकडलेल्याला पंचांपुढं बाजू मांडायचीही सोय नसावी, असा तो कायदा. वॉशिंग्टन मास्तर जन्मानं स्वतंत्र होते, पण कातडीवर ते लिहिलेलं नव्हतं.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया हा देश १८४७ साली स्वतंत्र झाला होता. अमेरिकन कोलोनायझेशन सोसायटी ही संस्था मुक्त कृष्णवर्णीयांना तिथं नेऊन वसवत होती. बहुतेक कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना ही संस्था बिलकुल मान्य नव्हती. आमच्या घामावर उभा राहिलेला हा देश आमचा आहे, आम्हाला हाकलता कशाला, हा त्यांचा सवाल रास्त होता. तरुणपणी वॉशिंग्टन मास्तरांचंही हेच मत होतं. पण जुलै १८५१ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये त्यांचं लांबलचक पत्र छापून आलं. या देशात आपल्या मुलांना मान मिळेल ही आशा आता उरली नाही, तेव्हा लायबेरियाचा विचार करावा, असा त्याचा आशय होता. स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाण्याची तयारी ठेवून लिहिलेलं ते पत्र आहे.

१८५३ च्या नोव्हेंबरात चालता स्टुडिओ बंद करून बायकामुलांसह ते न्यूयॉर्कहून जहाजात बसले. बरोबर पत्रे, रसायनं, डब्या असं सगळं सामान घेतलं होतं. मला पहिल्या वेळी नोकरी सोडताना रात्रभर झोप आली नव्हती. या माणसानं सात वर्षांत दुसऱ्यांदा सगळं सोडलं.

मनरोव्हिया या राजधानीच्या गावात त्यांनी पुन्हा स्टुडिओ थाटला. आपल्याकडं मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी पुढं तिच्या कामात होते. म्हणजे इकडं मुंबईचे लोक या विद्येसाठी एकत्र येत होते त्याच वेळी तिकडं मनरोव्हियात मास्तर पत्रे घासत होते.

त्यांच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा इथला आहे. लायबेरियाचे पहिले अध्यक्ष जोसेफ जेन्किन्स रॉबर्ट्स, त्यांच्या पत्नी, उपाध्यक्ष, सिनेटर, सिनेटचे चिटणीस, व्यापारी अशा सगळ्यांचे फोटो मास्तरांनी काढले. यांतली बरीच मंडळी अमेरिकेत जन्मली होती आणि तिथं त्यांना साधा मतदार होता आलं नसतं. इथं ते सिनेटर म्हणून कॅमेऱ्यासमोर आलेत. काही जण नुसते तोंड दाखवून बसलेले नाहीत. टेबलाशी, कागदांसह, कामकाज चालू असताना असावेत तसे आहेत. या फोटोंवरून पुढं १८५६ च्या सुमारास लायबेरियाच्या सिनेटचं एक जलरंगातलं चित्रही तयार झालं. हे पत्रे आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या संगणकावर पाहता येतात. मी ते कितीदा पाहिले असतील. बसणं, कॉलर, हात ठेवायची जागा, सगळ्यात एक ताठा आहे. पहिला चांगला कोट घालून स्टुडिओत येणाऱ्या माणसाच्या अंगात असतो ना, तो.

पण ही गोष्ट इतकी सरळही नाही. लायबेरियात पोचल्यावर वर्षभरातच, १८५४ साली, मास्तरांनी तिथल्या परिस्थितीवर कडक टीका करणारं पत्र अमेरिकेतल्या वर्तमानपत्राकडं पाठवलं. नव्यानं आलेली माणसं तापानं मरताहेत, औषधपाण्याची आबाळ आहे, आणि अमेरिकेहून आलेले लोक मूळच्या आफ्रिकी लोकांना नीट वागवत नाहीत, हे त्यांनी दडवलं नाही. ज्यांना अमेरिकेत नागरिक मानलं नाही, त्यांनीच इथं मूळच्या रहिवाशांना बाहेर ठेवलं. मूळ आफ्रिकी लोकांना लायबेरियाचं नागरिकत्व मिळायला १९०४ साल उजाडलं. मास्तरांच्या त्या सुंदर फोटोंत हे लोक कुठंच नाहीत. फोटो काय दाखवतो याइतकंच तो कुणाला पडद्याबाहेर ठेवतो हेही बघायला हवं.

पुढं ते सामान घेऊन सिएरा लिओन, गॅम्बिया, सेनेगल असे फिरले, जिथं गिऱ्हाईक मिळेल तिथं फोटो काढले. मग हळूहळू कॅमेरा बाजूला पडला. सेंट पॉल नदीच्या काठी त्यांनी उसाचा मळा केला. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल! ते न्यायाधीश झाले, कायदेमंडळात निवडून आले, प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले, सिनेटमध्येही गेले. ज्या सिनेटरांचे त्यांनी फोटो काढले होते त्यांच्या ओळीत ते जाऊन बसले. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क घटनेनं दिला तो १८७० साली, मास्तर निघून गेल्यावर सतरा वर्षांनी. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते हेच गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेले लोक. १८७५ साली मनरोव्हियात मास्तर वारले.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. माझा स्टुडिओ सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. एक बाई आल्या. पिशवीतून शाळेचा ग्रुप फोटो काढला. सातवीचा वर्ग, चाळीसेक मुलं, आणि कडेला मी उभा, हातात डस्टर. त्यांचा मुलगा विहिरीत बुडून गेला होता. म्हणाल्या, "सर, त्याचा येवढाच फोटो हाय. ह्यातनं तेवढं त्याला येगळं काढून द्या." तो माझ्याच वर्गातला, दुसऱ्या ओळीत, नखाएवढा चेहरा. मी मूळ फोटोचा फोटो घेतला, मोठा केला. दाणे फुटले, डोळे विरघळले. दोन रात्री पेन्सिलनं रिटचिंग करत बसलो. मला त्याचं अक्षर आठवत होतं, पण भुवई कशी होती ते आठवेना. वर्षभर समोर बसलेला मुलगा!

बाईंनी फोटो पाहिला, पदर लावला, पैसे विचारले. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "असं कसं, तुमचा धंदा हाय," आणि टेबलावर पाच रुपये ठेवून गेल्या. जाताना तो ग्रुप फोटो माझ्याकडंच विसरल्या. मी धावत स्टँडवर जाऊन तो परत दिला.